आर्याच्या बोर्डातला स्लॉट

“सर, स्लॉट कुठे आहे?”

“नोटमध्ये लिहिलाय की.”

“नोटमध्ये आहे. बोर्डात नाहीये.”

देसाईसरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि स्क्रीनकडे वाकून पाहिलं. पॅनल संध्याकाळी पाचला बंद होणार होतं आणि जेवणाची वेळ उलटून गेली होती.

देसाईसर म्हणजे माझे अंधेरीच्या नोकरीतले बॉस. रिटायर झाल्यावर त्यांनी गोरेगावला छोटं डिझाइन ऑफिस काढलं. काम अडलं की मला मुलुंडहून बोलावून घेतात. रुही, निहार, तुम्ही फोनवर नेहमी विचारता ना, आजी अजून ऑफिसला कशाला जाते? त्याचं उत्तर या गोष्टीत मिळतं का बघा.

माझं काम पीसीबी लेआउटचं. रिमोट उघडला की आत हिरवी पाटी दिसते, तोच बोर्ड, तिच्यावर तांब्याच्या रेघा असतात. कुठली रेघ कुठून न्यायची, कुठलं भोक कुठे पाडायचं, हे मी ठरवते. पाटी मी बनवत नाही, ती कारखान्यात बनते.

हा बोर्ड सुजातासाठी होता. सुजाता घाटकोपरच्या एका सेंटरमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. तिथली आर्या नावाची मुलगी बोटं उघडू शकत नाही, पण मूठ आपटू शकते. सुजाताला तिच्यासाठी ताटलीएवढं बटण हवं होतं. आर्याने मूठ आपटली की पंखा चालू, पुन्हा आपटली की बंद. पण सुट्टी लागली की आर्याचं घर कायमचं कणकवलीला हलणार होतं. बटण तिच्याबरोबर जायला हवं होतं, आणि आजचं पॅनल चुकलं तर पुढच्या पॅनलचे बोर्ड यायच्या आत आर्या गेलेली असणार होती.

पॅनल म्हणजे काय ते सांगते. चार बोर्डांसाठी कारखाना अख्खी मोठी पाटी लावणार नाही, लावली तर परवडणार नाही. म्हणून आता एक शेअरिंगची सोय निघाली आहे. अनेकांची छोटी डिझाइनं एकाच पाटीवर बसवायची, एकदम बनवायची आणि शेवटी कापून ज्याची त्याला पाठवायची. आम्ही पूर्वी नानकटाईचं पीठ घरी मळून बेकरीत भाजायला द्यायचो, तसंच हे. भट्टी एक, आच एक. ‘माझी जरा लालसर काढा हं,’ असं तिथे चालत नाही.

देसाईसरांना तेच पटत नव्हतं. आमच्या वेळी एमआयडीसीतल्या कारखान्यात आमची फाइल उघडून बघणारा माणूस असायचा. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात नोट लिहायची, उरलेलं फोनवर सांगायचं. अडलं तर तोही फोन करायचा. अशा सवयीत आमची उभी नोकरी गेली. सरांनी याही बोर्डाच्या फाइलमध्ये वेगळ्या लेयरवर, म्हणजे थरावर, रेघ काढून लिहिलं होतं, ‘इथे स्लॉट कापा.’

स्लॉट म्हणजे बोर्डाला आरपार कापलेली लांबट चीर. हिच्या एका बाजूला पंख्याची, म्हणजे घरातली वीज, आणि दुसऱ्या बाजूला बटणाची. या दोघींची गाठ पडता कामा नये.

“अगं, पण पॅनलवाल्यांच्या साइटवर फाइल चढवली तर हिरवं आलंय,” सर म्हणाले. “नो एरर्स. बघ ना.”

“बोर्ड बनवता येईल, एवढंच ते सांगतंय. त्यांचं मशीन नोटचा लेयर वाचत नाही. ते फक्त आउटलाइनच्या लेयरवर कापतं.”

“थांब. मी बोलतो त्यांच्याशी.”

साइटवर फोन नंबरच नव्हता. सरांनी चॅटमध्ये मोठा निबंध टाइप केला. उत्तर लगेच आलं: फाइलमध्ये असेल तसंच बनेल.

“हा काय माणूस आहे का यार!” सर वैतागले.

“नसेलच.”

“बरं, मग असाच पाठव. बोर्ड आले की इथे बसून आपण करवतीने कापू. पॅनल तरी चुकणार नाही.”

मी तांब्याचा लेयर उघडून दाखवला. रिकाम्या जागेत सॉफ्टवेअर आपोआप तांबं भरतं, रांगोळीत रंग भरावा तसं. आउटलाइनमध्ये स्लॉट नसल्यामुळे ती जागा सॉफ्टवेअरला रिकामीच वाटली होती. बटणाच्या बाजूचं तांबं सरळ पलीकडे जाऊन पंख्याच्या विजेला खेटलं होतं. मागाहून करवतीने चीर पाडली तरी पलीकडे गेलेलं तांबं तिथेच राहणार होतं.

“सर, याच्यावर आर्या हात आपटणार आहे.”

सर उठले आणि त्यांनी मला आपली खुर्ची दिली.

मी स्लॉट आउटलाइनमध्ये काढला. दोन्ही बाजूंना मोकळं अंतर ठेवून तांबं नव्याने भरलं. ते आता शहाण्यासारखं आपल्या हद्दीत राहिलं. फाइल चढवली, तर लाल! चुकीच्या फाइलला हिरवं आणि बरोबर फाइलला लाल.

“वाट लागली,” सर म्हणाले.

कारण साधं होतं. कापायचा कटर जेवढा जाड, त्याहून अरुंद चीर पडत नाही. अख्खी पाटी आपली असली तर बारीक कटर मागता येतो. इथे सगळ्यांना एकच. स्लॉट रुंद करायला हवा होता, म्हणजे त्याच्या शेजारच्या रेघा सरकवायला हव्या होत्या. एक सरकवली की दुसरी अडत होती. त्यात सुजाताचा फोन.

“मॅडम, आज जाईल ना नक्की?”

“ठेव फोन. तू बोललीस तर नाही जाणार.”

तिने बिचारीने मुकाट्याने ठेवला. सरांनी चहा मागवला आणि तोही माझ्या हाताशी न ठेवता लांब ठेवला. रेघा सरकल्या. पुन्हा फाइल चढवली. हिरवं. पण आता हिरव्यावर विश्वास कोण ठेवतो? मी प्रीव्ह्यू उघडला, बोर्डाचं चित्र फिरवून दोन्हीकडून पाहिलं. मधोमध आरपार चीर होती. मग ऑर्डरचं बटण दाबलं. पॅनल बंद व्हायला थोडा वेळ शिल्लक होता. चहा गार झाला होता. मी तसाच प्यायले आणि तो मला फार चांगला लागला.

बोर्ड आले तेव्हा सरांनी पहिला बोर्ड खिडकीसमोर धरला. चिरेतून उजेडाची सरळ रेघ आली. पार्ट बसवून त्यांनी स्वतः हाय व्होल्टेज टेस्ट केली, म्हणजे पंख्याच्या बाजूला मुद्दाम कितीतरी जास्त दाब देऊन पलीकडे काही झिरपतंय का ते पाहिलं. काही झिरपलं नाही. तेव्हा कुठे माझे खांदे खाली आले.

सुट्टी लागायच्या आधी सुजाताने व्हिडिओ पाठवला. आर्या मूठ आपटते, पंखा फिरतो. पुन्हा आपटते, थांबतो. मग ती आपटतच राहते आणि मागून तिची आई ओरडते, “अगो, पंखो मोडतलो!” आर्या खदखदून हसते.

सरांचा फोन आला. “झकास! पण शुभदा, म्हणजे आता नोट लिहायचीच नाही का?”

“लिहा ना, सर. पण आधी स्लॉट काढा, मग नोट लिहा.”