दसऱ्यासाठी थंड केलेली भट्टी

आज दुपारी बंद कपाटातून टिक् असा आवाज आला आणि देवासच्या सिरॅमिक कारखान्यातला तो दसरा आठवला. पूजेला भट्टी थंड हवी म्हणून आदल्या दिवशी तिचं दार वेळेआधीच उघडलं होतं. आत बॉयलरच्या पंपांसाठीच्या पांढऱ्या रिंगा होत्या. एकीलाही तडा नव्हता. दसऱ्याच्या सकाळी विटांच्या आणि झेंडूच्या वासात सुपरवायझर एकेक रिंग बोटाने वाजवून पाहत होते, घंटेसारखी वाजायची. माल तपासायचं काम माझं; मी मात्र एक रिंग घासून, ॲसिड लावून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. स्फटिकाचे कण जिथे एकमेकांना भिडतात, त्या प्रत्येक सीमेवर बारीक खळग्यांच्या रांगा दाटल्या होत्या, बंद दाराशी गर्दी लोटावी तशा. हे खळगे म्हणजे खुणा: भट्टी घाईने गार होताना अणूंच्या ओळी सरकत तिथवर आल्या होत्या आणि पुढे वाट नव्हती. "आत ताण अडकलाय, कधी फुटेल सांगता येत नाही," मी म्हणालो. "भिया, आवाज तर साफ आहे," भट्टीला कुंकू लावता लावता ते म्हणाले, माळव्यात भाऊला भियाच म्हणतात, "सणाच्या दिवशी अशुभ कशाला बोलता." संध्याकाळी माल रवाना झाला. तपासलेली रिंग तेवढी माझ्याकडे राहिली. इतकी वर्षं तिला कुणी हात लावला नव्हता; आत्ता कपाट उघडलं, तर तिचे दोन तुकडे झालेले. बाकीच्या रिंगा कुठल्यातरी पंपांत अजून फिरत असतील.