बॉडी भारी आहे

माह्या घरचे कापडाच्या लूमवर, मी बिल्डिंगीत एका घरी सैपाकाला. पोरगी अजून अंगावर पीत व्हती, म्हणून संगच न्यायची.

त्या दिवशी चप्पल काढली तं आतून साहेबाचा आवाज. फोनवर सांगत व्हते, "बॉडी बहुत भारी है. खोलके रखी है, थोडा सांस लेने दो. शाम को आ जाओ."

माह्या कडेवरून पोरगी सुटता सुटता राह्यली. बॉडी! लूमवर शॉक लागून माणूस गेला का म्हणतात ना, बॉडी सिव्हिलला नेली. आन हे म्हणतात सांस लेने दो, म्हंजे जित्ता हाय का काय अजून? पळावं तं साहेब दारातच.

साहेबाच्या बायकोला, भाभीला विचारलं तं ती खो खो हसली. "अरे, वाइन छे! फ्रांसनी." दोन-तीन जातीची काळी द्राक्षं एकात करतात म्हणे, तोंडात जड लागती, त्या जडपणाला बॉडी म्हणायचं, आन बूच काढून वारं लागू देणं म्हंजे सांस. "हलकं जेवण तिच्यासमोर मरून जातं. आमची गोड दाळ नको. तू तुझी काळ्या मसाल्याची वांगी कर."

मढ्याची भीती गेली, दारूची आली. ह्या गुजराती मुलखात दारूबंदी ना. आमच्या चाळीतल्या एका बाईला दारूच्या पिशव्यांपायी पोलिसांनी नेलं, तिचं लेकरू उंबऱ्यात रडून रडून निळं पडलं. मला नेलं तं माह्या पोरीला कोण पाजणार?

खोबरं भाजत व्हते आन बेल वाजली. भाभीनं दाराच्या भोकातून बघितलं. "खाकी!" तिनं बाटली उचलली ती माह्याच हातात दिली. "बेन, छुपाव!" मी बाटली मांडीत धरून खाली बसले, पोरीला छातीला लावलं, वरून पदर. बाटलीला बूच नव्हतं, सांस घ्यायला उघडी ठेवली व्हती ना. गार गार मांडीवरून खाली चाललेलं. खाकीवाला दारातून आत डोकावला, मी पाजतीया बघून मान फिरवली त्यानं.

वॉचमन व्हता. साहेबाची गाडी दुसऱ्याच्या जागेत लागली, ते सांगायला आल्ता.

मंग सगळे हसले. संध्याकाळी फोनवरचा पाव्हणा आला, वांग्याचा रस्सा बोटानं चाटून म्हणला, "इसके साथ तो यही चाहिए, बाकी सब फीका." भाभी म्हणली, "बेन, तू तो हमारी पार्टनर हो गई!"

पार्टनर म्हंजे तं पोलिस आले का मीबी संगच. पोरगी तोंड लावायची आन रडायची. भ्यानं दूधच येईना.

घरी पोरीच्या दुपट्यावरचा लाल डाग बघून हे वरडले, "रक्त कशाचं?" मी म्हणले, जांभळं सांडली.

दुसऱ्या दिवशी भाभीनं विचारलं, "बेबी क्यां?"

"शेजारणीपाशी ठेवली. घरी पान्हा आला, वाटीत दूध काढून आले."

"कां, बिमार छे?"

"नाही भाभी. आता एकटीच येत जाईन."

ओट्याखालच्या बाटल्यांच्या कपाटाचं दार लावलेलं व्हतं. मी त्याच्याकडं पाठ करून कणीक मळायला घेतली.