थळला ऐकलेलं ‘आलो’

नमूकाकू गेली, तेव्हा थळच्या पारूबाईला, तिच्या बालमैत्रिणीला, कळवायचं होतं. पोस्टकार्ड टाका, असं घरात ठरत होतं. पण पारूबाईला वाचता येत नव्हतं. अशी बातमी तिनं पोस्टमनच्या तोंडून ऐकायची? म्हणून तेराव्यानंतर आम्ही निघालो.

‘आम्ही’ म्हणजे प्रवासी एकच. ही साठच्या दशकातली गोष्ट. गिरगावातल्या घरच्यांच्या लेखी मी मुलगी. पण लहानपणापासून माझ्या आत एक मुलगा बोलायचा, वसंता. अंधाऱ्या जिन्यात, परीक्षेच्या वर्गात तोच वाट दाखवायचा. शाळेतून घरी पोचल्यावर दारात ‘मी आलो’ असंही तोच म्हणायचा, आणि आई कान धरायची, “आले म्हण!” तेव्हापासून तोंडात ‘आम्ही आलो’ बसलं. त्यात दोघंही मावत आणि कुणाला खटकत नसे.

हे फक्त काकूला ठाऊक होतं. ती हळूच विचारायची, “आज वसंता काय म्हणतो?” ती गेल्यापासून वसंता गप्प होता. विचारणारंच कुणी उरलं नाही, तर तो राहील का? ही एकच धास्ती घेऊन आम्ही भाऊच्या धक्क्यावर लाँचमध्ये चढलो.

आज तुम्ही मांडव्याला उतराल. तेव्हा रेवसची लाँच असे आणि भरती बघूनच निघावं लागे, नाहीतर उतरताना गाळ. बसायचं बाहेरच्या बाकावर. आत डिझेलच्या वासानं मळमळतं. थंडीचे दिवस होते. धुक्यात मुंबई मागे पुसली गेली, पुढचा किनारा अजून दिसत नव्हता, आणि लाँच पाण्यावर नाही तर झोपेवर चालल्यासारखी वाटत होती.

एका म्हाताऱ्यानं विचारलं, “सोबत कोन हाय?”

“आहे एक.”

त्यानं शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. “मंग त्याला सांग, जरा सरक,” म्हणाला आणि तिथंच बसला.

रेवसहून अलिबागची एस.टी. मिळते. किहीमच्या फाट्यावर गाडी थोडी थांबली तेवढ्यात शहाळं प्यायलं. ते चुकवू नका. थळच्या फाट्यावर उतरून नारळीच्या वाड्यांमधून चालत गेलं की एकदम समुद्र दिसतो. समोर खांदेरी आणि उंदेरी, दोन बेटं अगदी शेजारी. दीपगृह एकावरच.

पारूबाईच्या दारात हाक मारली. “मी नमूकाकूच्या घरून!”

आतून आवाज आला, “थांब गो, मी आलो!”

नऊवारी नेसलेली म्हातारी बाई, आणि ‘आलो’. आम्ही जागीच उभे राहिलो.

तिनं माझा चेहरा बघितला आणि उंबऱ्यावरच बसली. “गेली?”

“तेरावं झालं.” ती खूप रडली. मग उठून तांदळाची भाकरी थापली, जवळ्याचं कालवण वाढलं आणि बोलत राहिली. “पोरपनी ती बी माझ्यासारकीच आलो-गेलो करायची. लगीन करून मुंबयला गेली, तितं सासरची हसली. मंग शिकली आले-गेले. पन हितं पाय ठेवला का पुन्ना आलो!”

वसंताचं बोलणं काकूला कधी परकं का वाटलं नाही, ते भाकरी मोडताना कळलं. तिथल्या बायकांचं ते नुसतं बोलणं होतं. माझ्यासाठी ते माझं स्वतःचं नाव होतं.

रात्री ओटीवर लाटांचा आवाज ऐकत झोप लागली. सकाळी पारूबाईनं सुका जवळा बांधून दिला. निघताना तोंडातून आपसूक गेलं, “मी येतो.”

मासळी वाळत घालणारी शेजारीण हसली. “पारू, मुंबयचं मानूस येतो म्हनतंय गो!”

“म्हनंल न्हाय तं काय? आपल्या नमूनं वाढवलाय.”

वाढवलाय, की वाढवलंय? वाऱ्यात नीट ऐकू आलं नाही. पुन्हा विचारलंही नाही.

परतीच्या लाँचवर वसंता बोलेल म्हणून वाट पाहिली. तो बोलला नाही. मुंबई दिसू लागली तेव्हा लक्षात आलं, थळपासून शेजारी कुणी नव्हतंच. बाकावर मी एकटाच होतो.

घरी पोचून कडी वाजवली. आईनं आतून विचारलं, “कोण?”

“मी आलो.”

दार लवकर उघडलं नाही. उघडलं तेव्हा आईचे डोळे भरलेले होते. “नमू लग्न होऊन नवी आली तेव्हा अशीच बोलायची,” ती म्हणाली. “फार हसलो गं आम्ही तिला.” आणि मला आत येऊ द्यायला बाजूला झाली.

तिचं ‘गं’ शेवटपर्यंत सुटलं नाही. पारूबाईचा जवळा आठवडाभरात संपला. ‘आलो’ मात्र मी अजून वापरतो.