चेंडू गोठ्याकडं गेला
काचबिंदूनं आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, नजर गेली तेव्हा त्यांनी फारशी तक्रार केली नाही. घरापासून बुद्धविहारापर्यंत ते काठी टेकत बिनचूक जात. त्यांना खरं छळलं ते क्रिकेटनं. पूर्वी रेडिओवर चेंडू कुठं पडला, कुणी अडवला, सगळं इत्थंभूत कळायचं. आता तळेघरला आमच्याकडं मॅच येते ती माझ्या मोबाईलवर, तीही अंगणाच्या एकाच कोपऱ्यात, कारण रेंज तिथंच. आणि चित्र दिसतंयच म्हणून मोबाईलमधली समालोचक मंडळी निर्धास्त असतात. जुन्या दौऱ्यांतल्या जेवणाच्या गप्पा मारतात, मध्येच ‘क्या बात है’ म्हणून ओरडतात. आबा विचारायचे, काय झालं?

सांगायचं काम माझ्याकडं आलं आणि मी त्याची पार माती केली. चौकार गेला की मी उठून टाळ्या वाजवायचो, विकेट पडली की कपाळावर हात मारून घ्यायचो, आणि आबा विचारतच राहायचे. एकदा मी त्यांच्यावर खेकसलो, सांगतोय ना, चौकार गेला म्हणून. ते शांतपणे म्हणाले, “तुझा आनंद ऐकू येतो मला. मॅच न्हाई येत.”

पुढच्या मॅचला ते अंगणात आलेच नाहीत. आता पुरे झालं क्रिकेट, म्हणाले. जन्मभराचा शौक माझ्या उतावळेपणामुळं सुटतोय, याची मला फार लाज वाटली. पण त्यांना परत कसं बोलवावं ते सुचेना.

माझ्या बायकोला क्रिकेटमधलं काडीचं कळत नव्हतं. तरी त्यानंतरच्या मॅचला तिनं आबांना हाताला धरून अंगणात आणलं आणि मोबाईल घेऊन शेजारी बसली. चेंडू डावीकडं गेला, ती म्हणाली. आबा म्हणाले, समालोचक कव्हर म्हणतोय, म्हणजे उजवीकडं. ती हटेना, तेही हटेनात. दोघांची चांगलीच जुंपली. मग आबांच्याच ध्यानात आलं, पडद्यावरचा बॅट्समन हिच्याकडं तोंड करून उभा आहे, त्याचं उजवं ते हिचं डावं.

“पोरी, माझ्यासमोर येऊन बस,” ते म्हणाले. “मी बॅट्समन, तू बॉलर. डावं-उजवं सोड. चेंडू आपल्या गावात कुठं गेला तेवढं सांग.”

तेव्हापासून आमच्याकडं चेंडू गोठ्याकडं जातो, विहाराकडं जातो, पाण्याच्या टाकीवरून उडाला की षटकार. डावखुरा बॅट्समन आला तरी तिचं काही अडत नाही. मला मधे बोलायची परवानगी नाही. मी चहा करतो.

परवा शेवटच्या षटकात सात धावा हव्या होत्या आणि चित्र थिजलं. पडद्यावर नुसतं चाक फिरत राहिलं. मी मोबाईलला शिव्या घालायला लागलो, बायको तो उंच धरून त्या कोपऱ्यातच इकडंतिकडं फिरली. आबा मात्र खुर्चीत हसत होते.

“बसा की राव,” ते म्हणाले. “आता तिघांनाबी सारखंच दिसतंय.”

बायको त्यांच्यासमोर येऊन बसली. मोबाईल मांडीवर उपडा ठेवून तिनं विचारलं, मग तुम्हीच सांगा आबा, आता कुठं मारील? आबांनी जरा विचार केला आणि टाकीकडं हात केला. आम्ही दोघांनीही माना वर करून तिकडं पाहिलं.