एका पडद्यावर चार कॉम्प्युटर

गोडादऱ्यातल्या आमच्या साडीच्या कारखान्यात डिझाइन बघणाऱ्या ताई माझ्यासारख्याच धुळ्याकडच्या. काहीही विचारा, आधी ‘थांबा हं’ म्हणणार. त्यांच्या मोठ्या मॉनिटरवर लिनक्स प्रणालीच्या चार चौकटी असायच्या; मशीन एकच, पण चौकटीगणिक एक वेगळा कॉम्प्युटर चालायचा.

आमचे गुजराती शेठ हसायचे, “बेन, एका माणसाला चार कशाला?”

एकदा व्हायरसने ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर बंद पडले. शेठ डोकं धरून बसले. ताईंचीही डिझाइनची चौकट काळी झाली होती, बाकीच्या तीन मात्र चालू होत्या. त्यांनी ती अख्खी चौकटच मशीनमधून शांतपणे पुसून टाकली, त्याच चौकटीची काल जपून ठेवलेली प्रत उघडली आणि सगळी डिझाइनं परत आली.

“कोणी शिकवलं?” शेठनी विचारलं.

“कोणीच नाही. मोडत गेले, शिकत गेले.”

घरी जाऊन मी बायकोला सांगितलं, “आपल्या धुळ्याची आहे ती!” माझा त्यात काडीचा वाटा नव्हता, तरी छाती फुगली होती.