पहिले चोक पाहा

"पहिले चोक पाहा," मिस्त्री मान वर न करताच म्हणायचे. समोर कोणीतरी घामाघूम होऊन पंपाची दोरी ओढत असायचं, आणि चोक चुकलाय हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं.

उमरखेडला बसस्टँडच्या मागे एक लाकडी टेबल, एवढंच त्यांचं दुकान. पाठीवर घ्यायचे पेट्रोलचे फवारणी पंप ते दुरुस्त करत. आधी जिनिंगमध्ये फिटर होते. कापसाचे दिवस फिरले, जिनिंग बंद पडली, तेव्हा आपले पाने घेऊन इथे येऊन बसले.

मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचो. टू-स्ट्रोक इंजिनाची आकृती फळ्यावर अशी काढायचो, की तपासणीला आलेल्या साहेबांनी दोनदा शाबासकी दिली होती. फळ्यावरचं इंजिन कधी बंद पडत नाही. घरच्या चार एकर कपाशीसाठी घेतलेला पंप मात्र माझ्या हातून एकदाही सरळ चालू झाला नाही.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मिस्त्रींनी प्लग काढून पाहिला. मग पेट्रोलचा थेंब अंगठ्याने बोटावर चोळला, आणि पंपाकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

"ऑइल किती टाकलं, सर?"

"सांगितलं त्याच्या दुप्पट. म्हटलं, इंजिनाला जरा पौष्टिक."

"मंग तूपच टाकाचं होतं ना," ते म्हणाले. टेबलाभोवतीची चार माणसं हसली. त्यातले दोघे माझे माजी विद्यार्थी होते.

त्यांची एक रीत तुम्ही पाहायला हवी होती. दुरुस्त झालेला पंप ते एकदा चालू करत, बंद करत, आणि पुन्हा मालकाला चालू करायला लावत. "म्या चालू केला त इथं चालते. वावरात तुमीच असान." मी चोक लावायचो, दोरी ओढायचो, इंजिन फुरफुरलं की आनंदाच्या भरात चोक उघडायलाच विसरायचो. पेट्रोल तुंबायचं, प्लग ओला व्हायचा. मग प्लग काढा, दोरी चार वेळा रिकामी ओढा, प्लग सुकवा, चोक उघडा, पुन्हा ओढा.

"हे पोराईले शिकवता का नाई?" त्यांनी एकदा विचारलं. धड्यात चोक नाही, असं मी सांगितलं. खरंच नव्हता.

एका वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली आणि बोंडअळी पडली. आमच्या वावरात मजुरीवर किसन फवारायचा. तिसऱ्या दिवशी पंप मध्येच बंद पडला. किसन धुऱ्यावर, वावराच्या कडेला बसून डोळे चोळत म्हणाला, "सर, गरगरून राह्यलं." मला वाटलं, काम टाळतोय. घरी जा म्हटलं आणि पंप घेऊन थेट मिस्त्रींकडे आलो. आजच फवारणी उरकायची होती मला.

इंजिन दहा मिनिटांत बोलायला लागलं. मी हात पुढे केला, तर मिस्त्रींनी औषधाची टाकी दोनदा धुऊन तिच्यात पाणी भरलं.

"घ्या पाठीवर. त्या लिंबापर्यंत जाऊन या."

"मी?"

"मालक तुमीच ना?"

मास्तरकीचा सगळा रुबाब सांभाळत मी कडुलिंबाच्या झाडापर्यंत गेलो आणि परत आलो. तेवढ्यात शर्ट पाठभर भिजला, पाणी पँटमध्ये उतरलं. या वेळी कोणी हसलं नाही.

"टाकीखालचा वायसर गेला," मिस्त्री म्हणाले. "हे पाणी हाय, सर. तुमच्या वावरात कोण फवारते?"

"किसन."

"कुठी हाय तो?"

पंप तिथेच टाकून मी निघालो. किसन घरी ओकत पडला होता, डोळे उघडत नव्हता. जीप करून यवतमाळला नेला. आठ दिवस दवाखान्यात काढले त्याने, पण वाचला. "सर होते म्हणून झालं," असं त्याची बायको येईल त्याला सांगायची, आणि मला तिथून पळून जावंसं वाटायचं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मिस्त्रींना सांगायला गेलो. पंप नवा वायसर घालून तयार होता.

"वाचला," मी म्हणालो.

त्यांनी पाना खाली ठेवला.

"पंप गळते, हे बोलला नाई तो तुमाले?"

"नाही."

"काहून?"

"काय माहीत."

"तुमी इचारलं होतं?"

मी पंप उचलला, येतो म्हणालो आणि निघालो.

पुढच्या हंगामात टेबल नव्हतं. मिस्त्रींना लकवा मारला, लेकीने फुलसावंगीला नेलं, असं कळलं. एसटीने जाऊन दिवसात परत येण्यासारखं गाव. परीक्षा झाल्या की जाऊ, पेपर तपासून झाले की जाऊ, असं करता करता दिवाळी आली आणि ते गेल्याचाच निरोप आला.

नाही, मिस्त्री. विचारलं नव्हतं.