पाहुण्या बैलाचा हिरवा चारा

बेंबळीच्या लिंबाजीला काळजी करायला कारण लागत नसे. पाऊस आला तर बी वाहून जाईल, नाही आला तर करपून जाईल, आणि बेताचा आला तर एवढं चांगलं कसं झालं म्हणून तो धास्तावायचा. त्याची बायको कडूबाई म्हणायची, "आमच्याकडं काळजीचं पीक बारमाही." पण चाऱ्याचं बी निवडावं तर लिंबाजीनंच, हे सगळा गाव मानायचा. तो बी मुठीत घेऊन वास घ्यायचा, दाताखाली फोडून बघायचा, आणि मग चाऱ्याच्या ज्वारीत, म्हणजे कडवळात, मटकी किती अन् हुलगा किती मिसळायचा ते ठरवायचा.

शेजारच्या रानातल्या शरणबसप्पाशी त्याचा वारंगुळा होता. दोघांकडं एकेकच बैल. दोन्ही एका जुवाखाली जुंपून आधी याचं रान करायचं, मग त्याचं. जोडी ज्याच्या रानात कामाला, त्याच्याच दावणीला दोन्ही बैल. तिथं रीत अशी, की पाहुण्या बैलापुढं हिरवा चारा टाकायचा आणि घरच्यापुढं वाळला कडबा. ही रीत कुणी घालून दिली ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण मोडायची हिंमत कुणात नव्हती.

महाराष्ट्र झाला त्या साली लिंबाजीनं धाराशिवच्या बाजारातून कडवळाचं नवं बी आणलं. धाट पुरुषभर वाढतं, असं दुकानदार म्हणाला आणि लिंबाजी हुरळला. सगळ्या जगाचा संशय घेणारा माणूस, नेमका दुकानदारावर विश्वास ठेवून बसला.

"मटकी, हुलगा न्हाय मिसळायचा?" कडूबाईनं विचारलं.

"यंदा नुस्तं कडवळ. वेल चढले की धाट वाढत न्हाय."

"आन् पावसानं दगा दिला तर? मटकी तरी हाताला लागंल."

ही शंका खरं तर त्यालाच यायची. बायकोनं आधी काढली म्हणून त्याला ती आवडली नाही. शरणबसप्पानंही नेहमीसारखं तेच बी नेलं, तेसुद्धा डोळे झाकून. "तू निवडलंस न्हवं? मग मला काय बघायचं?" म्हणाला.

मृगात आलेला पाऊस आषाढात गायब झाला. कडवळ गुडघ्याएवढं होऊन थांबलं, पानं गुंडाळली. श्रावणात एक सर आली आणि ते खुरटं रान एकाएकी हिरवंगार झालं. कोवळं कडवळ गुराला विष होतं, हे बेंबळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण लिंबाजीनं मनाशी हिशेब घातला, पेरून किती दिवस झाले, आता कोवळं कसलं? पावसाविना ते वाढलंच नव्हतं, दिवस तेवढे गेले होते, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही.

त्या दिवशी जोडी त्याच्या रानात होती. दुपारी बैल सोडले. दोघेही भुकेले. रीतीप्रमाणं त्यानं शरणबसप्पाच्या पांढऱ्यापुढं हिरवी पेंढी सोडली आणि आपल्या तांबड्यापुढं कडबा टाकला. विहिरीवरून पाणी पिऊन येतो तर पांढरा थरथरत उभा. तोंडाला फेस, श्वास लागलेला. बघता बघता त्याचे पाय दुमडले आणि तो आडवा झाला.

लिंबाजीच्या तोंडचं पाणी पळालं. कडूबाईनं उतारा म्हणून पाण्यात गूळ कालवून दिला, लिंबाजी बांबूच्या नळीतून पाजायला लागला. घाईत निम्मं गूळपाणी त्याच्याच धोतरावर सांडलं. पांढरा गेला तर एका बैलावर दोन रानं कशी व्हायची? आणि लोक काय म्हणतील? स्वतःचा बैल कडबा खाऊन खुशाल, दुसऱ्याचा मात्र याच्या दावणीला मेला! बैल समोर तडफडतोय आणि आपल्याला लोकांची पडलीय, याचीही त्याला लाज वाटली.

कडूबाईनं बांधावरून हाक मारली तसा शरणबसप्पा धावत आला. बैलाच्या मानेवर हात ठेवून खाली बसला.

"काय चारलंस?"

"नवं कडवळ, आप्पा."

"आन् तुझ्या तांबड्याला?"

याच प्रश्नाची लिंबाजीला धडकी होती. काहीतरी खोटं सांगावं असं एकदा त्याच्या मनात आलंही.

"कडबा," तो म्हणाला.

शरणबसप्पानं मान खाली घातली आणि तो पांढऱ्याची मान चोळत बसला. दोन शिव्या घातल्या असत्या तरी लिंबाजीला बरं वाटलं असतं. कडूबाई गूळ कालवून देत राहिली, लिंबाजी पाजत राहिला. ऊन कललं तेव्हा पांढऱ्यानं मान उचलली. थोड्या वेळानं मागचा भाग वर काढून तो धडपडत उभा राहिला. कडूबाईनं पदर डोळ्यांना लावला.

लिंबाजी शरणबसप्पाच्या पायाशी वाकला. "आप्पा, म्या जाणून केलं न्हाय वो."

"ते मला कळत न्हाय व्हय?" शरणबसप्पानं त्याला दंडाला धरून वर ओढलं. "उद्या जोडी माझ्याकडं येणार. तुझ्या तांबड्यासाठी सकाळीच हिरवं कापून ठिवलंय. हेच कडवळ. माझ्या पांढऱ्याला कडबा."

लिंबाजीनं तांबड्याकडं बघितलं. तो शांतपणे रवंथ करत होता. लिंबाजी तिथंच मटकन खाली बसला.

"ऊठ," शरणबसप्पा म्हणाला. "आदी माझ्याकडची ती हिरवी पेंढी पुरून यिऊ."